काठवट कोरायला ग्राइंडरची कुठली डिस्क?

ग्राइंडरने, म्हणजे लोखंड घासायच्या-कापायच्या हातातल्या मशीनने, लाकूड कोरता येतं का असं विचारणारे बरेच जण भेटतात. मी हो म्हणतो. पण त्याच्या पुढचा प्रश्न, म्हणजे त्याला डिस्क कुठली लावायची, तो फारसं कोणी विचारत नाही आणि खरा विषय तोच आहे. मशीन तेच, लाकूड तेच, पण एका डिस्कने अर्धा दिवस शांतपणे काम होतं आणि दुसरीने पहिल्या पाच मिनिटात हाताला टाके पडू शकतात. म्हणून आज फक्त डिस्कबद्दल लिहितोय, आणि उदाहरण काठवटीचं घेतोय कारण माझा ग्राइंडर सगळ्यात जास्त तिच्यासाठीच चालतो.

काठवट ज्यांच्या घरात आता राहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, भाकरीचं पीठ मळायचं पसरट लाकडी भांडं, एकाच ओंडक्यातून कोरलेलं, कुठेही जोड नाही. आधी सुतार वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीसारख्या हत्याराने, पोट कोरायचे, मग गोल पटाशी, मग कानस, आणि शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत करायचे. आता वाकस चालवणारा माणूस शोधावा लागतो आणि घरोघरी स्टीलची परात आहे. परात ओट्यावर सरकत राहते, एका हाताने ती धरायची आणि दुसऱ्या हाताने पीठ मळायचं. काठवट स्वतःच्या वजनाने जागेवर बसून राहते, दोन्ही हात पिठाला मोकळे मिळतात, आणि ज्वारीचं पीठ लाकडावर जसं मळलं जातं तसं धातूवर नाही मळलं जात हे मी पूर्ण मनापासून सांगतोय. मला ही वस्तू पुन्हा स्वयंपाकघरात आलेली बघायचीय. वाकस शिकायला वर्षं जातात, ग्राइंडर जरा समजून घेतला तर हौशी माणसालाही जमतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

आणि काठवट हे ग्राइंडरला अगदी जुळणारं काम आहे. कारण ती उथळ आणि रुंद असते. ग्राइंडरचं गिअरचं डोकं डिस्कच्या वरच्या बाजूला असतं, खोल वाडग्यात डिस्क खाली घातली की ते डोकं काठाला आपटतं आणि पुढे जाताच येत नाही. मडक्यासारखं तोंड अरुंद आणि पोट मोठं असलं काही करायचं असेल तर ग्राइंडर विसराच. पण चौदा-सोळा इंच रुंद आणि अडीच-तीन इंच खोल पोट असेल तर मशीनला सगळीकडे हात पोचतो.

आधी मशीनचं बघू, थोडक्यात. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सगळीकडे मिळतो तो ४ इंची, म्हणजे १०० मिमी डिस्कचा ग्राइंडर. त्याच्या स्पिंडलला, म्हणजे डिस्क बसते त्या दांड्याला, एम-१० चे आटे आणि डिस्कचं भोक १६ मिमी. ५ इंचीचं म्हणजे १२५ मिमीचं स्पिंडल एम-१४ आणि भोक २२.२३ मिमी. बाहेरच्या देशात साडेचार आणि ५ इंची जास्त चालतात त्यामुळे लाकूड कोरायच्या तिकडच्या चांगल्या डिस्का बऱ्याचदा २२ च्या भोकाच्या असतात, त्या ऑनलाइन मागवल्या आणि आपल्या ४ इंचीला बसल्या नाहीत की लोक आत कसलीतरी रिंग घालून बसवतात. असं करू नका हो. रिंग अर्धा मिलीमीटर जरी ढिली असली तरी डिस्क मध्यावर फिरत नाही, मशीन थरथरतं, नट सैल होतो. ऑर्डर करायच्या आधी भोक बघा आणि डिस्कची वेगाची मर्यादा बघा.

वेग म्हणजे किती ते एकदा हिशोब करून बघा, मला तो हिशोब केल्यावर ग्राइंडरबद्दल वेगळाच आदर वाटायला लागला. १०० मिमीच्या डिस्कचा घेर साधारण ३१४ मिमी. मशीन मिनिटाला ११,००० फेरे मारतं. म्हणजे डिस्कची कड सेकंदाला ५७ मीटरच्या वर पळते, ताशी २०० किलोमीटरपेक्षा जास्त. घासायच्या डिस्कवर ८० मीटर प्रति सेकंद असं छापलेलं असतं, १०० मिमीला ते साधारण १५,३०० फेऱ्यांपर्यंत येतं, म्हणून ती आपल्या मशीनवर सुरक्षित. डिस्कवर आकडाच छापलेला नसेल किंवा तो आपल्या मशीनच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर ती डिस्क कितीही छान दिसली तरी घ्यायची नाही, एवढं साधं आहे हे.

आता डिस्का. सुरुवात ज्या लावायच्याच नाहीत त्यांच्यापासून करतो.

पहिली आणि सगळ्यात वाईट म्हणजे टीसीटी ब्लेड, लाकूड कापायचं दातेरी पातं. फर्निचरवाले जी कटर मशीन वापरतात, मूळची मार्बल कटर, तिच्यासाठी हे ब्लेड मिळतं, ३० किंवा ४० दातांचं. दुकानात त्याला ४ इंची म्हणतात पण ते बऱ्याचदा ११० मिमीचं असतं आणि भोक २० मिमी. म्हणजे ग्राइंडरवर ते नीट बसतच नाही, रिंग घालावी लागते, आणि १०० मिमीच्या गार्डमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या पत्र्याच्या आडोशात, मावत नाही म्हणून लोक गार्डच काढून टाकतात. एका चुकीच्या ब्लेडसाठी तीन गोष्टी बिघडवल्या जातात. कटर मशीनला खाली सपाट पत्रा असतो, तो लाकडावर टेकलेला असतो त्यामुळे ब्लेड किती आत जाणार ते ठरलेलं असतं, ग्राइंडरला असं काहीच नाही, सगळं तुमच्या मनगटावर. दात लाकडात अडकला की तो सगळा वेग उलटा फिरून मशीनमध्ये येतो आणि मशीन हातातून उडतं, ते मांडीकडे येतं नाहीतर छातीकडे नाहीतर गळ्याकडे, आणि हे इतकं पटकन होतं की बटण सोडायचं डोक्यात येईपर्यंत झालेलं असतं. आमच्या भागातल्या एका चांगल्या, अनुभवी सुताराच्या डाव्या हाताची दोन बोटं अशीच वाकडी राहिली आहेत. तो माणूस नवशिका नव्हता. म्हणून कुणी मला "आमचा मिस्त्री तर रोज वापरतो" असं सांगितलं तरी माझं मत बदलत नाही.

दुसरं, लोखंड कापायची पातळ कटिंग डिस्क आणि जाड ग्राइंडिंग डिस्क. ह्याने लाकूड कापलं जात नाही, जळतं. राळ आणि कोळसा डिस्कमध्ये भरतो, धूर निघतो, आणि पातळ डिस्कवर बाजूने जोर दिला की ती फुटते. फरशी कापायच्या डायमंड ब्लेडचंही तेच. संपला विषय.

तिसरी चेन डिस्क. झाडं कापायच्या चेनसॉची साखळी दोन गोल पत्र्यांमध्ये बसवलेली. ही मूळ कल्पना चांगली आहे, अमेरिकेत किंग आर्थर्स टूल्सची लॅन्सलॉट नावाची डिस्क आहे ती ह्याच प्रकारातली, आणि मोठे ओंडके, माणसाच्या उंचीच्या मूर्ती करणारे लोक तिने ढीगभर लाकूड काही मिनिटात काढतात. पण काठवटीसाठी ती लागत नाही. तिचा घास मोठा आहे, सरळ खणते, आणि खोबणीच्या दोन्ही भिंतींना एकदम लागली की झटका ठरलेला. ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणाऱ्या नकला तर मी हातातही धरत नाही, त्या साखळीची रिव्हेट कशी ठोकली आहे ते आपल्याला बघता येत नाही आणि ती तुटली तर कुठल्या दिशेला जाईल तेही ठरवता येत नाही.

माझं म्हणणं जे आहे ते एवढंच आहे, आणि बाकी सगळी पोस्ट त्याच्यासाठीच आहे. लाकूड कोरायला ग्राइंडरवर चावणारी डिस्क नको, घासणारी हवी. चावणाऱ्या डिस्कला मोजके मोठे दात असतात, एक दात अडकला की सगळं अडकतं. घासणाऱ्या डिस्कला शेकडो बारीक टोकं असतात, एकेक टोक जरासंच लाकूड काढतं, अडकायला पुरेसा घासच कुणाकडे नसतो. वेळ थोडा जास्त लागतो. लागू द्या.

घासणाऱ्यातली सगळ्यात चांगली म्हणजे टंगस्टन कार्बाइडच्या काट्यांची डिस्क. पोलादी चकतीवर कार्बाइडचे बारीक काटे चिकटवलेले असतात, कुत्झॉल ह्या कंपनीची ह्यात प्रसिद्ध आहे, किंग आर्थर्सचीही होली गॅलाहॅड नावाची भोकं असलेली डिस्क आहे, त्या भोकांमधून फिरताना खालचं लाकूड थोडं दिसत राहतं. ही डिस्क लाकडाचे रेषे सुलटे असोत की उलटे, सगळीकडे सारखी चालते. गाठ आली तरी उडी मारत नाही. भरली की ब्रासच्या ब्रशने साफ होते, राळ फारच बसली असेल तर तिला गरम पाण्यात साबण घालून भिजवायची. महाग आहे, बरीच महाग, आणि बाहेरून मागवावी लागते. पण ज्याला वर्षाला चार-पाच भांडी तरी करायची आहेत त्याने आधी पैसे साठवून हीच घ्यावी असं मला वाटतं, कारण ती वर्षानुवर्षं टिकते. विकत घेताना काट्यांचा जाडपणा विचारा, एकदम जाड काट्यांची घेतलीत तर मागे खोल ओरखडे राहतात आणि ते काढण्यात फ्लॅप डिस्का संपतात. मध्यम घ्यावी.

तिच्यानंतर स्वस्तातली पोलादी डिस्क, पत्र्याला ठोकून उचललेले बारीक दात असलेली, आपल्या खिसणीसारखी. ही ऑनलाइन ४ इंचीत १६ च्या भोकाची सहज मिळते. मऊ लाकडावर, म्हणजे आंबा, पांगारा, शिवण ह्याच्यावर बरी चालते. बाभळीवर किंवा शिसवावर दात लवकर बोथट होतात आणि मग ती नुसती तापते, लाकूड काळं करते. ह्याच्यातच एक सहा मोठ्या दातांची गोल डिस्क मिळते, व्हिडिओमध्ये ती फार छान चालताना दाखवतात. ती चावणाऱ्यांमध्ये मोडते, मी लावत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या आर्बरटेक कंपनीची टर्बोप्लेन नावाची डिस्क आहे, तिला कडेला तीन कार्बाइडची पाती आहेत, वरून सपाट. ती चावणारी असूनही तिची रचना अशी आहे की घास फार खोल जात नाही, पृष्ठभाग रंध्यासारखा निघतो. बाहेरचा उतार, स्टुलाची बैठक असल्या कामाला अप्रतिम आहे असं ती वापरणारे सांगतात आणि निघालेलं काम बघून मला ते पटतं. काठवटीच्या पोटात मात्र काट्यांचीच बरी.

आता फ्लॅप डिस्क. खरं सांगायचं तर कुणाकडे फक्त फ्लॅप डिस्क घ्यायचेच पैसे असतील तरी काठवट होते. पॉलिश पेपरच्या पट्ट्या एकावर एक चिकटवलेली ही डिस्क ५०-६० रुपयांपासून मिळते, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडेही असते. ४० नंबर, ६०, ८०, १२०, नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत. कोरायचं काम ४० नंबर करते. लोक हिला फक्त शेवटचा हात फिरवायची वस्तू समजतात पण आंब्याच्या लाकडावर ४० नंबर ज्या वेगाने लाकूड काढते ते बघितल्यावर समजूत बदलते. दोन आकार येतात, एक सपाट आणि एक किंचित शंकूसारखा. शंकूवाली घ्या, मशीन पंधरा-वीस अंश तिरकं धरलं की तिचा बराच भाग लाकडाला लागतो आणि खड्डे पडत नाहीत. सपाट डिस्कची कड रुतते आणि नखासारख्या खाचा पडतात, त्या काढता काढता तळ पातळ होतो. निळसर झिरकोनियावाली जास्त टिकते म्हणून दुकानदार ती देतात, पण ती लोखंडावर जोर देऊन घासायला बनवलेली आहे, जोर पडला की तिचे कण तुटून नवी धार येते, लाकडावर आपण तेवढा जोर देत नाही. लाकडाला साधी तपकिरी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पुरते.

एक गोष्ट फ्लॅप डिस्कबद्दल कुणीच सांगत नाही म्हणून ठळक सांगतो. लोखंडावर वापरलेली डिस्क लाकडावर वापरायची नाही. तिच्यात लोखंडाचे बारीक कण अडकलेले असतात, ते लाकडात शिरतात, त्या वेळी काहीच दिसत नाही. मग काठवट ओली होते आणि दोन दिवसांनी काळे निळे ठिपके उठतात. बाभूळ, खैर असल्या लाकडात टॅनिन भरपूर असतं आणि टॅनिनला लोखंड आणि पाणी मिळालं की काळी शाईच तयार होते. हे डाग वरवरचे नसतात, घासून जात नाहीत. मी लाकडाच्या डिस्कांवर मागून मार्करने "ला" लिहून ठेवतो आणि त्या वेगळ्या डब्यात. ह्याच कारणाने तारेचा कप ब्रश, जो लाकडाचे मऊ रेषे काढून जुनाट खडबडीत लूक आणायला वापरतात, तो काठवटीला नाहीच वापरायचा, त्याच्या तारांचे तुकडेही तुटून रुततात. देव्हाऱ्याच्या चौकटीला, नावाच्या पाटीला ठीक आहे.

ओलं लाकूड किंवा डिंकाचं लाकूड असेल तर फ्लॅप डिस्क भरते, चकचकीत होते आणि जाळायला लागते. ती फेकू नका. जुन्या रबरी चपलेचा तळ वाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या लोखंडी शिकंज्यात, घट्ट धरा आणि चालू डिस्क त्याच्यावर हळूच टेकवा, भरलेला भुसा रबराबरोबर निघून येतो. तळ हातात धरून हे करायचं नाही, वाइसमध्येच.

रबरी पॅडवरची फायबर डिस्क, जी गाड्यांच्या डेंटिंगवाल्यांकडे असते, तीही कामाची आहे. पॅड वाकतं त्यामुळे बाहेरच्या फुगीर बाजूला छान गोलाई येते. आतून फ्लॅप, बाहेरून फायबर अशी माझी वाटणी आहे.

आता प्रत्यक्ष काम. वखारीतून ओंडका घेताना मधोमध उभा चिरून घ्यायचा आणि झाडाचा अगदी मधला गाभ्याचा ठिपका भांड्यात येऊ द्यायचा नाही, फट तिथूनच सुरू होते. आंबा स्वस्त, कोरायला सोपा, पण त्याला कीड पटकन लागते आणि वाळताना तो हलतो. बाभूळ जड आणि कणखर, घासायला वेळ खाते पण झालेली काठवट आयुष्यभर पुरते. शिवण हलकं आणि शांत लाकूड, मिळालं तर सोडू नका. सागाला तेलकट वास असतो आणि त्याच्या धुळीने बऱ्याच जणांना अंगावर खाज पुरळ येतं, मी पिठाच्या भांड्याला साग घेत नाही, हे माझं वैयक्तिक मत.

पूर्ण वाळलेला एवढा जाड ठोकळा मिळणं अवघड, इंचाला एक वर्ष असा वाळायचा जुना अंदाज आहे. म्हणून ओलसर असतानाच काट्यांच्या डिस्कने पोट कोरून घ्यायचं, तळ आणि भिंती दीड इंच जाड ठेवायच्या, सगळीकडे सारख्या, कारण एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ असेल तर पातळ भाग आधी आकसतो आणि चिरतो. दोन्ही टोकांना जिथे रेषे तुटलेले दिसतात तिथे मेण नाहीतर पातळ केलेलं फेव्हिकॉल लावायचं, पाणी तिथूनच सगळ्यात जोरात बाहेर जातं. मग सावलीत, पंख्याखाली नाही, कागदात गुंडाळून ठेवायची. दर आठवड्याला किराणाच्या काट्यावर वजन करायचं आणि ठोकळ्यावरच पेन्सिलने लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. तोपर्यंत ती गोलाची थोडी लांबट झालेली असते, काही बिघडत नाही, दीड इंच जाडी ह्याच्यासाठीच ठेवलेली, आता फ्लॅप डिस्कने शेवटचा आकार द्यायचा.

लाकूड धरायचं कसं हे फार महत्त्वाचं. वाकसाने काम करताना सुतार जमिनीवर बसून पायाने ओंडका धरायचे, पिढ्यानपिढ्या तसंच चालत आलंय. ग्राइंडरला हे अजिबात चालत नाही, डिस्कजवळ पाय, मांडी काहीही नको. तळाला जो भाग नंतर काढून टाकायचाच आहे त्याला दोन-चार स्क्रूने एक फळी मारायची आणि ती फळी टेबलाला सी क्लॅम्पने आवळायची. किंवा टेबलावर चारी बाजूने ठोकळे ठोकून मध्ये काठवट बसवायची आणि पाचर मारून घट्ट करायची. हाताने हलवून बघा, जराही हलली तर मशीन चालू करायचं नाही.

खोली ठरवायला मध्यभागी आणि आजूबाजूला ड्रिलने भोकं पाडायची, ड्रिल बिटवर चिकटपट्टी लावून जेवढं खोल जायचंय तेवढंच. मग घासत जायचं, भोकं दिसेनाशी झाली की थांबायचं. शेवटचा तळ पाऊण ते एक इंच राहिला पाहिजे. सुरुवात मध्यातून, आणि गोल गोल बाहेरच्या दिशेने रुंद करत जायचं. अरुंद खोल खड्डा कधीही करायचा नाही. झटका बसायचं सगळ्यात मोठं कारण तेच, डिस्क एकाच वेळी खड्ड्याच्या दोन भिंतींना लागणं. डिस्कची एकच बाजू लाकडाला लागतेय हे प्रत्येक क्षणी बघायचं. दुसरं, भुसा ज्या दिशेला उडतो त्याच दिशेला मशीन सरकवत न्यायचं, उलट दिशेला ओढलं तर डिस्क लाकडावर चढून स्वतःच पळायला बघते, दातेरी डिस्कला तर हे फारच जाणवतं. जोर द्यायचा नाही, मशीनच्या वजनावर काम होऊ द्यायचं. बाजूचं हँडल लावलेलं, दोन्ही हात मशीनवर, गार्ड जागेवर, आणि तुमचं तोंड डिस्कच्या सरळ रेषेत नाही. एका जागी दोन सेकंदसुद्धा थांबायचं नाही, तपकिरी जळका डाग पडतो आणि तो दिसतो त्यापेक्षा खोल असतो.

ज्या मशीनला वेग कमी-जास्त करायची सोय आहे ते लाकडाला खूपच बरं. ८० आणि १२० नंबर अर्ध्या वेगावर चालवले की जळत नाही आणि हात स्थिर राहतो. साध्या मशीनला पंख्याचा रेग्युलेटर लावायचा जुगाड मात्र करू नका, तो पंख्यापुरता असतो, साडेसहाशे-सातशे वॅटच्या मोटरसाठी नाही, तापून जळतो.

बटणाबद्दल एक. बरेच स्वस्त ग्राइंडर पुढे सरकवून लॉक होणाऱ्या बटणाचे असतात. काम चालू असताना लाइट गेली, तुम्ही मशीन तसंच टेबलावर ठेवून चहाला गेलात, आणि लाइट आली की ते टेबलावर आपोआप सुरू होतं. आपल्या गावाकडे लाइट दिवसातून कितीदा जाते ते काही सांगायला नको. म्हणून लाइट गेली की पहिलं काम बटण मागे आणि प्लग बाहेर. डिस्क बदलतानाही प्लगच काढायचा, नुसतं सॉकेटचं बटण बंद करून भागत नाही. आणि शक्य असेल तर दाबून धरलं तरच चालणारं, सोडलं की बंद होणारं पॅडल बटणाचं मशीन घ्या.

धुळीकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. तोंडाला पंचा गुंडाळून काम करायची आपली पद्धत, त्यातून बारीक धूळ सरळ आत जाते, आणि पंच्याचं लोंबणारं टोक फिरणाऱ्या डिस्कजवळ असतं ते वेगळंच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, १९९५ मध्ये लाकडाची धूळ गट १ मध्ये टाकली, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींमध्ये, मुख्यतः नाकाचा आणि नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांचा. वर्षानुवर्षं फर्निचरच्या कारखान्यात राबलेल्या लोकांमध्ये हे दिसून आलं. तुम्ही आठवड्यातून एकदा काम करत असाल तरी नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क घालाच, उघड्यावर काम करा, वारा पाठीकडून येऊ द्या. चेहऱ्यावर पूर्ण पारदर्शक शील्ड, कानाला मफ. ढगळ सदरा, ओढणी, गळ्यातली माळ, सैल सुती हातमोजे, मोकळे केस ह्यातलं काहीही नको. आपल्या सुतारांना हे सगळं कोणी देत नाही आणि त्यांनी मागितलं तर त्यांना हसतात, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही घरी सुतारकाम करून घेत असाल तर मिस्त्रीला मास्कचा एक बॉक्स आणून द्या, फार पैसे जात नाहीत.

आणि ज्या जागी लाकडाचा भुसा पडलाय तिथे त्याच दिवशी लोखंड घासू नका, ठिणगी भुशात तासन् तास धुमसत राहू शकते आणि ती वरून दिसत नाही. काम झालं की मशीनच्या जाळीतून हवा मारून भुसा काढा, आत बसलेल्या भुशाने मोटर गरम होते.

घासायचा क्रम मोडू नका. ४० नंतर ६०, मग ८०, मग १२०, आणि मग मशीन बाजूला ठेवून हाताने १५० आणि २२० चा पेपर, रेषांच्या दिशेने. ४० वरून एकदम १२० वर उडी मारली तर त्या वेळी सगळं गुळगुळीत वाटतं आणि तेल लावल्याबरोबर गोल गोल ओरखडे उठून दिसतात. प्रत्येक नंबरनंतर अंधारात टॉर्च आडवी धरून बघा, राहिलेला प्रत्येक ओरखडा सावली टाकतो. १५० झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, लाकडाचे रोम उभे राहतात, मग २२० मारा, नाहीतर हेच रोम पहिल्या भाकरीला उभे राहतील. काठाची आतली गोलाई मी शेवटी काचेच्या तुकड्यानेच खरवडतो, जुन्या सुतारांसारखी, तिथे डिस्कपेक्षा काच छान चालते.

पॉलिश, मेलामाइन, टचवुड असलं काही काठवटीला नको, पिठात उतरेल. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल नीट वाळत नाही आणि काही दिवसांनी खवट वास मारतं. मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन चालतं, वास नाही, खवट होत नाही. जवसाचं खायचं घाण्याचं तेल अजून चांगलं, ते लाकडात मुरून वाळतं, पण थर अगदी पातळ द्यायचा आणि प्रत्येक थराला चांगले चार-सहा दिवस द्यायचे. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं (अळशीचं) तेल मात्र नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची रसायनं घातलेली असतात. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका.

नवी काठवट पहिल्यांदा वापरताना थोडं पीठ मळून ते टाकून द्या, आत अडकलेली बारीक धूळ त्याच्यात येते. धुताना भिजत ठेवू नका, साबण नको, कोमट पाण्याने हात फिरवून लगेच पुसा आणि सावलीत उभी करून ठेवा, उन्हात नाही. वर्षातून एक-दोनदा तेलाचा हात. आणि काठाला एखादी केसाएवढी बारीक चीर दिसलीच तर त्याच लाकडाचा १२० नंबरचा बारीक भुसा आणि थोडं मधमाशीचं मेण गरम करून त्यात दाबून भरा, वरून गार झाल्यावर खरवडून टाका. ह्याच्यासाठी प्रत्येक काठवटीचा बारीक भुसा मी नाव लिहिलेल्या छोट्या डबीत जपून ठेवतो, तुम्हीही ठेवा.